पादपीठाची पारख

जुन्या सामानाच्या दुकानात पाय ठेवण्याचे स्टूल घ्यावयास गेलेले गिऱ्हाईक बहुधा त्याची गादी पाहते, तिच्यावरील भरतकामाची वाखाणणी करते आणि लगेच किमतीच्या घासाघिशीस लागते. वास्तविक त्या वस्तूचा अस्सल दस्तऐवज तिच्या पोटाखाली असतो, आणि तो वाचण्यासाठी ती उलटी करण्यापलीकडे कसलेही पांडित्य लागत नाही. कापड पिढीपिढीला बदलले जाते आणि रोगण वाटेल तेव्हा चढविता येते. परंतु जी बाजू कोणी पाहणार नाही अशी कारागिराची समजूत होती, त्या बाजूला खोटा दाखला देण्याचे शिक्षण क्वचितच मिळालेले असते.

पायांसाठी स्वतंत्र आसन असावे ही कल्पना मुळात सुखासीनतेपेक्षा अधिकाराशी अधिक निगडित दिसते. तूतनखामेनच्या ज्या थडग्याचा शोध १९२२ साली लागला, त्यातील पादपीठांवर जखडलेले शत्रू चितारलेले आहेत, म्हणजे राजा सिंहासनावर बसला की शत्रू आपोआप पायदळी यावेत. याच्या नेमकी उलट योजना अमरावतीच्या शिल्पकारांनी केली: बुद्धाची मानवी आकृती न घडविता त्यांनी रिक्त सिंहासन कोरले आणि पादपीठावर केवळ पावले उमटविली. होमरच्या ‘ओडिसी’त तर भिकाऱ्याच्या वेषात आलेल्या ओडिसियसला अँटिनोअस पादपीठच फेकून मारतो आणि ते त्याच्या उजव्या खांद्यास लागते, यावरून ती वस्तू एका हाताने उचलण्याइतकी हलकी असावी हे उघड आहे, आजही खरेदीपूर्वी ही कसोटी लावण्यास हरकत नाही.

आपल्याकडे गादी, लोड आणि तक्क्या यांच्या अमलात लोंबते पाय नव्हते, म्हणून ते टेकविण्याची सोयही घरोघर नव्हती. पेशव्यांच्या दरबारात १७९० साली झालेल्या तहाचे जे प्रसिद्ध चित्र थॉमस डॅनिएलने पुढे १८०५ मध्ये रंगविले, त्यात इंग्रज मंडळीही जमिनीवरील बैठकीतच दिसतात. खुर्ची रुळली तेव्हा पायांचा प्रश्न उत्पन्न झाला. म्हणूनच मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुटक्या पायांचे जे चौरंग, पाट आणि राजस्थानी बाजोट पाय ठेवण्याचे स्टूल म्हणून पुढे केले जातात, ते त्या कामासाठी घडलेलेच नसतात. ज्या चौरंगावर कोणाच्या तरी घरी सत्यनारायण मांडला गेला, त्यावर टाच टेकून वर्तमानपत्र वाचणे मला तरी साधत नाही. ज्यांना साधते त्यांच्याशी माझा वाद नाही, मात्र दुकानदाराने वस्तूची जात बदलून सांगू नये एवढीच अपेक्षा.

खरीखुरी पादपीठे बाजारात येतात ती मुख्यत्वे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी घडणीची किंवा त्या नमुन्यावर इकडे बनलेली. इंग्लंडने १७२१ साली अमेरिकेतील आपल्या वसाहतींच्या लाकडावरील आयातकर उठविल्यानंतर इंग्लंडात महोगनीचे युग आले आणि अक्रोडाचे लाकूड मागे पडले. हेपलव्हाइट या इंग्रज फर्निचर-कारागिराच्या पश्चात त्याच्या विधवेने १७८८ साली प्रसिद्ध केलेल्या नमुनाग्रंथात वातरक्ताने सुजलेला पाय ठेवण्यासाठी दोन्ही टोकांना हवे तसे उंच-सखल करता येणारे स्टूल आहे. खाण्यापिण्याची चंगळ ज्या वर्गाला परवडत होती, त्याच वर्गाला हे स्टूलही परवडत होते.

आता ते उलटे करावे. गादीच्या पोटात गुंडाळी स्प्रिंगा असतील तर दुकानदार सांगेल तो जॉर्जियन काळ बहुधा विसरावा, कारण गाद्यांसाठी अशा स्प्रिंगांचे पेटंट सॅम्युएल प्रॅटने १८२८ साली घेतले आणि त्यानंतरच त्या रुळल्या. त्यापूर्वी पट्ट्यांच्या जाळीवर घोड्याचे केस भरीत. अर्थात जुन्या सांगाड्यात मागाहून स्प्रिंगा बसविल्याची उदाहरणे आहेत, म्हणून स्क्रूही पाहावेत: बोथट टोकाचा, हाताने कानस मारलेला, ज्याची खाच नेमकी मध्यावर नाही असा स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा असण्याचा संभव मोठा, टोकदार यंत्री स्क्रूचा प्रसार त्यानंतरचा. करवतीच्या खुणा सरळ असल्या तर हातकाम, कमानदार असल्या तर चक्री करवत. लाकूड रेषेला आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे खरोखर जुन्या गोल माथ्याचा व्यास दोन दिशांनी मोजला असता किंचित निराळा भरतो, आणि जे वर्तुळ बिनचूक आहे त्याविषयीच शंका धरावी.

किडीचा पुरावा सर्वांत मार्मिक आहे. किडा लाकडाच्या आतून बोगदे खणीत जातो आणि बाहेर पडताना पृष्ठभागावर फक्त गोल छिद्र ठेवतो. तेव्हा एखाद्या पायावर उघडी, लांबट नळीसारखी खाच दिसली तर ते लाकूड कीड लागून गेल्यानंतर कापले गेले, म्हणजे जुन्या तुळईतून नवे स्टूल जन्मास आले, असा अर्थ होतो. छिद्रांतून ताजा पिवळसर भुगा पडत असेल तर वयाची चर्चा बाजूस ठेवून वस्तू दुकानातच ठेवावी.

कापडाचा दाखला दुय्यम खरा, परंतु निरुपयोगी नव्हे. व्हिक्टोरियन स्त्रिया बर्लिनहून येणाऱ्या रंगीत चौकटींच्या नमुन्यांवर लोकरीने गुलाब, पोपट आणि लाडकी कुत्री भरीत. घरच्या कुत्र्याचे चित्र काढून त्यावरच पाय ठेवण्याची ही रीत इंग्रजी स्वभावाचा एक अनाकलनीय भाग आहे. पर्किनने १८५६ साली कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला आणि त्यामागून भडक कृत्रिम रंगांची रांग लागली, म्हणून झगझगीत जांभळा किंवा किरमिजी दिसला की त्या लोकरीची कालमर्यादा ठरते.

मुंबईत मात्र लोकर आणि घोड्याचे केस पावसाळ्यात कुबट होतात. इकडच्या घरासाठी शिसवी सांगाड्यावर वेत विणलेले स्टूल शतपटीने शहाणपणाचे. मुंबईचे कोरीव शिसवी सामान १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनापर्यंत पोचले होते. त्यातील भरगच्च नक्षी पाहण्यास भव्य, परंतु झटकताना गृहिणीच्या संयमाची परीक्षा घेणारी असते, म्हणून मी साधा नमुनाच पसंत करीन. वेत चौकटीच्या आरपार छिद्रांतून ओवलेला असेल तर हाताचे विणकाम. चौकटीच्या खाचेत दाबून बसविलेला तयार ताव असेल तर काम अलीकडचे. रोगणाची परीक्षा चपड्याच्या गुणावरून होते: आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावला असता लाखेचे पॉलिश विरघळून चिकट होते, आधुनिक पॉलियुरेथेन ढिम्म राहते. ही परीक्षा मालकाच्या संमतीनेच करावी हे सांगणे नलगे.

हॉलंडकडील पाय शेकण्याची पेटी हा निराळाच प्रकार. वर भोके, एक बाजू उघडी, आत निखाऱ्याचे भांडे. व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या दासीच्या चित्रात ती मागे जमिनीवर ठेवलेली आहे. पेटीच्या आत करपल्याची खूण नसेल तर ती शोभेसाठी बनली असे समजावे.

काही वस्तू मात्र सनद दाखविली तरी घेऊ नयेत. शिकारीच्या मिरवणुकीतून निघालेले हत्तीच्या पायाचे स्टूल त्यांपैकी पहिले: ते किळसवाणे आहेच, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येते, आणि हस्तिदंती जडावाच्या होशियारपुरी सामानासही तीच अडचण आहे. परदेशी राहणाऱ्या आप्तांनी हेही ध्यानात ठेवावे की शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यान्वये खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत.

एवढा तपास करूनही उंचीकडे दुर्लक्ष झाले तर खरेदी वाया जाते. जुनी पादपीठे बहुधा वीतभर उंचीची, कारण ती ताठ पाठीच्या उंच खुर्चीवर बसून शिवणकाम करणाऱ्या, गुडघे थोडे वर हवे असणाऱ्या स्त्रियांसाठी होती. आजच्या खोल, बुटक्या सोफ्यापुढे तेच स्टूल ठेवले तर गुडघे हनुवटीशी येतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या बैठकीची उंची दोरीने मोजून न्यावी, आणि माप जुळत नसेल तर पाय कापून घेण्याची दुकानदाराची तत्पर सूचना नम्रपणे नाकारून पुढच्या दुकानाकडे वळावे.