दुभंगलेली टाळू आणि वर्णोच्चार

‘ब’ आणि ‘म’ हे दोन्ही वर्ण ओठ मिटूनच उच्चारले जातात. भेद एवढाच की, ‘ब’च्या वेळी टाळूचा मागील मऊ भाग वर उचलला जाऊन नासिकेचा मार्ग बंद करतो, ‘म’च्या वेळी तो मार्ग मोकळा राहतो. जन्मतः टाळू दुभंगलेल्या बालकास हा मार्ग बंद करता येत नाही. श्वास नाकावाटे निसटतो आणि ‘बाबा’ हा शब्द ‘मामा’सारखा ऐकू येतो. केवळ ओठ दुभंगला असल्यास वाणीची हानी अल्प असते.

ओठ व टाळू यांची जुळणी गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांतच होते. ती अपुरी राहिल्याने हे व्यंग उद्भवते. ग्रहणकाळी गर्भवतीने चिरल्या-कापल्याने ते होते, ही समजूत निराधार होय.

शस्त्रक्रियेने ओठ साधारणतः ३ ते ६ महिन्यांच्या वयात, व टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान सांधतात. हेतू हा की, वाणी स्थिरावण्यापूर्वी उच्चारयंत्रणा सिद्ध व्हावी. विलंब झाल्यास मूल श्वास कंठातच अडवून वर्ण साधू पाहते, आणि ही सवय टाळू सांधल्यावरही टिकते. ती वाचोपचारानेच मोडावी लागते. म्हणून अशा उच्चारास बोबडेपणा समजून वाट पाहणे, अथवा मुलास मंदबुद्धी ठरविणे, हे दोन्ही अन्यायाचे होय.