पाणी थंड, तार तप्त

पुण्याचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे तीच भीमा दौंड शहराला लागून वाहते. शिवाय रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतीही शिरूर व दौंड याच दोन तालुक्यांत असल्यामुळे येथील पाण्यात शिसे वा कॅडमियम किती, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे असू नये, असे भारतीय मानक सांगते.

इतके अल्प प्रमाण मोजण्यासाठी पाण्यात बुडवलेल्या इलेक्ट्रोडला, म्हणजे विद्युताग्राला, प्रथम ऋण विभव देऊन त्यावर शिसे धातुरूपात साचवतात, आणि नंतर विभव धन बाजूकडे सरकवत नेताना तो थर पुन्हा विरघळतो, तेव्हा वाहणाऱ्या प्रवाहावरून प्रमाण काढतात. अडचण साचण्याच्या संथपणाची असते. उष्णतेने आयनांचे विसरण अंशामागे साधारण दोन टक्क्यांनी वाढते खरे, पण सगळा नमुना तापवला तर पाण्याची वाफ होते आणि तुलनेसाठी ठेवलेल्या संदर्भ-विद्युताग्राचे विभवही ढळते.

जर्मनीतील रोस्टॉक येथे पीटर ग्रुंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पाण्याऐवजी विद्युताग्राची बारीक तारच उच्च वारंवारतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने तापवण्याची रीत विकसित केली. तापवणाऱ्या प्रवाहाच्या शेजारी मोजायचा प्रवाह इतका क्षीण असतो, की ढोल-ताशांत कुजबूज ऐकण्यासारखेच ते काम. म्हणून मोजणीची जोडणी तारेच्या मध्यबिंदूशी करतात, ज्यामुळे दोन्ही अर्ध्या भागांतील विभव समान व विरुद्ध होऊन एकमेकांना रद्द करतात. युक्ती साधी, पण सारे यश तिच्यावरच उभे आहे. तारेलगतचे तापलेले पाणी आपोआप वर सरकत असल्याने वेगळे ढवळावेही लागत नाही, आणि क्षणभराच्या स्पंदात तापवल्यास बुडबुडा धरण्याआधीच तारेचे तापमान १०० अंशांपलीकडे नेता येते. एवढ्या बारीक तारेला तापमापक लावणार कोठे? त्यासाठी फेरो-फेरिसायनाइडच्या द्रावणात तिचे विभव पाहतात, कारण ते अंशामागे सुमारे १.६ मिलिव्होल्टने बदलते.

सांडपाणी मिसळलेल्या नमुन्यातील सेंद्रिय द्रव्ये मात्र शिशाला बांधून ठेवतात आणि तारेवरही चिकटतात, त्यामुळे तार कितीही तापवली तरी अशा पाण्यावर आधी आम्लाची प्रक्रिया करावीच लागते.