वरणाचं पाणी नको, वरण द्या

उष्टावण होतं, मामा खिरीचा पहिला घास भरवतो आणि दुसऱ्या दिवसापासून बहुतेक घरांत वरणावरचं पाणी सुरू होतं. बाळाला पचायला हलकं, असं आजी सांगते, शेजारीणही सांगते. यामागची माया खरी आहे. पण डाळीतली प्रथिनं आणि ऊर्जा बहुतांशी खाली बसलेल्या डाळीतच राहतात. वर निवळतं ते मुख्यतः पाणीच. बाळ वाटी संपवतं, ढेकर देतं, आणि खऱ्या घासाला पोटात जागाच उरत नाही.

लहान मुलाच्या आहाराचं सगळं गणित या जागेचं आहे. वजनाच्या दर किलोमागे जठरात एका वेळी साधारण ३० मिलिलिटर अन्न मावतं, असं धरतात. म्हणजे वर्षाच्या, नऊ-दहा किलोच्या मुलाचं पोट पाणी प्यायच्या एका पेल्याएवढ्या अन्नाने गच्च भरतं. गरज मात्र भलतीच मोठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० किलोकॅलरी लागतात. एक ते तीन वर्षांच्या, अकरा-बारा किलोच्या मुलाला हजार-अकराशे. वजन पाचव्या हिश्शाचं आणि ऊर्जेची गरज निम्म्याहून जास्त! मोठ्यांसारखं दोन वेळा जेवून हे भागणं शक्यच नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाबरोबर दोन-तीन वेळा भरवावं, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि वर्षानंतर मधल्या वेळी एक-दोनदा काहीतरी खायला द्यावं.

प्रत्येक घास घट्ट हवा. चमचा तिरका केला तर त्यातून अन्न ओघळून जाता कामा नये, एवढी खूण पुरे. गुरगुट्या भात आणि डाळीसकट घोटलेलं वरण एकत्र कालवलं की तांदळाच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळ भरून काढते. त्यावर चमचाभर तूप सोडलं की घास वाढत नाही, पण सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात. शेंगदाण्याचं बारीक कूटही असंच कामाचं. अख्खे दाणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत, ते घशात अडकतात.

घट्ट पेज किंवा खीर बाळ गिळत नाही, पातळ केली तर पाणीच जास्त जातं, हा पेच प्रत्येक आईला पडतो. त्यावर उपाय आपल्या घरांत जुनाच आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजून दळायची. मोड येताना धान्यात एक विकर तयार होतं, ते पिठूळ भागाचे तुकडे करतं. म्हणूनच मोडाच्या पिठाची खीर साध्या पिठाएवढी आळत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. साध्या पिठाची घट्ट खीर शिजवून जरा निवू द्यावी, हाताला चांगली गरम लागेल इतपत असताना त्यात चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळावं. काही मिनिटांत खीर सैल होते, सत्त्व तेवढंच राहतं. हे पीठ मंद भाजावं लागतं, कारण जास्त आचेवर विकर मरतं. सैल झाल्यावर खिरीला पुन्हा एक उकळी आणावी. गोडीसाठी केळं कुस्करावं. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको.

लोहाचा प्रश्न याहून अवघड आहे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. दहातली जवळजवळ सात मुलं! अंडं, मांस-मासे, कोकणात भाजून कुटलेला जवळा, पालेभाज्या, कडधान्यं ही लोहाची ठिकाणं. डाळीच्या घासावर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह जास्त शोषलं जातं. चहाने ते अडतं. त्यामुळे सकाळी पोराच्या हातात चहा-बिस्कीट देणं मला अजिबात पटत नाही. भूक मरते आणि नंतरच्या जेवणातलं लोहही वाया जातं. दुधाचंही तेच. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणारं मूल जेवत नाही, आणि दुधात लोह जवळपास नसतंच.

वर्षानंतर 'हा काही खातच नाही' ही तक्रार घरोघरी सुरू होते. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात ते अडीच किलोच्या आसपासच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. नाक दाबून किंवा मोबाइल दाखवून भरवलं, तर पोट भरल्याची खूण ओळखायला मूल शिकत नाही. काय आणि केव्हा द्यायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते त्याला ठरवू द्यावं.

आणि नीट चाललंय का, हे अंदाजाने ठरवू नका. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या, माता-बाल संरक्षण कार्डावर ठिपका मांडायला सांगा. रेघ वर चढत असेल तर मूल कमी खातं म्हणून जीव टांगणीला लावू नका. ती सपाट झाली किंवा खाली वळली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून आहार मिळणं हा २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागायला संकोच करू नका.