कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियम?

जर्मन शेफर्डचं पिल्लू चारएक महिन्यांचं झालं की घरात काळजी सुरू होते. एक कान उभा, दुसरा लोंबता. कधी तर उभे राहिलेले दोन्ही कान पुन्हा खाली येतात. मग पिल्लू विकणारा, शेजारी, बागेत भेटणारे कुत्रेवाले सगळे एकच उपाय सांगतात, कॅल्शियम सुरू करा. बाटली चिठ्ठीशिवाय मिळते आणि रोज दोन चमचे दुधात पडू लागतात. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या बाबतीत आपल्याकडे होणारी ही सर्वांत घातक चूक आहे असं मला वाटतं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

कान कूर्चेचा असतो, हाडाचा नव्हे. कॅल्शियम पाजून तो ताठ होत नाही. दुधाचे दात पडून पक्के दात येत असताना, साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, कान असे खालीवर होतात आणि बहुतेक पिल्लांचे पुढे आपोआप उभे राहतात. नाहीच राहिले तर ते बहुधा रक्तातूनच आलेलं असतं.

नुकसान होतं ते हाडांचं. मोठं कुत्रं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं आणि जास्तीचं शौचावाटे टाकून देतं. लहान पिल्लाच्या आतड्याला सुरुवातीचे काही महिने हे जमत नाही; पोटात जाईल त्यातला बराच भाग गरज नसताना शरीरात शिरतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत जादा कॅल्शियममुळे सांध्यांची कूर्चा आणि हाडांची वाढ बिघडलेली दिसली. जर्मन शेफर्ड जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि वर्षभरात तीस किलोच्या घरात जातो. इतक्या वेगाने वाढणाऱ्या सांगाड्यात थोडीशी गडबडही पायांत दिसते. म्हणूनच अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेने अशा मोठ्या जातींच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या वजनाच्या 1.8 टक्के ठेवली आहे. इतर कुत्र्यांसाठी ती 2.5 टक्के आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं चांगलं खाद्य देत असाल तर त्यात हवं तेवढं कॅल्शियम आधीच असतं. वरून बाटली नको.

याचा अर्थ कॅल्शियम वाईट असा मुळीच नाही. नुसतं बिनहाडाचं चिकन आणि भात यांवर वाढवलेल्या पिल्लाला उलटा त्रास होतो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य असतं. रक्तातली पातळी राखायला शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं. हाडं पोकळ होतात, पिल्लू लंगडतं, साध्या उडीने पाय मोडतो. घरचं जेवण द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण प्रमाण पशुवैद्यांकडून वजनावर आखून घ्या. अंदाजाने ते जमत नाही.

‘प्रथिनं जास्त झाली की हाडं बिघडतात’ हाही एक पक्का समज. ग्रेट डेन पिल्लांवरच प्रथिनांचं प्रमाण कमी-जास्त करून पाहिलं गेलं, तेव्हा हाडांच्या दोषाशी त्याचा संबंध सापडला नाही. दोष जादा कॅल्शियमचा आणि जादा खाण्याचा. गुटगुटीत पिल्लू पाहून आपल्याला समाधान वाटतं, पण शेफर्डच्या खुब्याच्या सांध्याला ते वजन नको असतं. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून आयुष्यभर निरीक्षण केलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांचं आयुर्मान सुमारे 13 वर्षं आणि पोटभर खाणाऱ्यांचं 11.2 वर्षं निघालं; सांध्यांचे विकारही कमी खाणाऱ्यांत उशिरा आले. बरगड्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहताना कंबर दिसावी, एवढं दर आठवड्याला तपासलं तरी पुरे.

आता दूध-पोळी. धनगरवाड्यावरचं कुत्रं भाकरीवर वाढतं, मग आमचं का नाही, असं विचारणारे भेटतात. ते कुत्रं अंगाने सडपातळ असतं, मेंढरांमागे दिवसभर चालतं आणि रानात जे मिळेल तेही खातं. धान्य कुत्र्याला पचतच नाही, असं सांगणारेही चुकतात. माणसाजवळ राहता राहता कुत्र्यांत पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत. पोळी विष नाही, अपुरी आहे. शिवाय 32 किलोच्या, बेताचा व्यायाम असलेल्या शेफर्डला दिवसाला सुमारे 1500 कॅलरी लागतात. चार पोळ्यांतच त्यातला पाव हिस्सा किंवा जास्तच संपतो आणि प्रथिनांना जागा उरत नाही. दुधातली साखर मोठ्या कुत्र्यांना नीट पचत नाही, त्यामुळे अनेकांना जुलाब होतात. थोडं दही बहुधा सोसतं.

ताटात उरलेलं मात्र नकोच. कांदा-लसणाने रक्तपेशी फुटतात, शिजवल्यानेही तो दोष जात नाही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यामागे टार्टरिक आम्ल असावं, असं अलीकडे मानलं जातं. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदीही 2022 मध्ये प्रसिद्ध झाल्या. चिंचेची आमटी आणि कांद्याची भाजी हे आपल्या घरांतलं रोजचं जेवण आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या चिरफळ्या आतड्यात रुततात.

भांडं उंच स्टूलवर ठेवलं की पोट फुगत नाही, असं ऐकून पुष्कळजण स्टँड आणतात. खोल छातीच्या जातींत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका खरा आहे, पण एका मोठ्या अभ्यासात उंचावरच्या भांड्याने तो वाढलेलाच आढळला. दिवसातून एकदाच भरपूर न देता दोनदा द्या, आणि कुत्रं गिळगिळ करत असेल तर त्याला सावकाश खायला लावा. कुत्रं ओकारी काढतं, काहीच पडत नाही आणि पोट टणक होतं, अशी वेळ आली तर उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.

शेवटचा समज फक्त शेफर्डवाल्यांसाठी. कुत्रं वखवखल्यासारखं खातं, तरी वाळत जातं, आणि घरचे वाढून वाढून थकतात. जंत पाडून झाले तरी फरक नसेल आणि शौच ढीगभर, फिकट, तेलकट होत असेल, तर स्वादुपिंडाकडे संशय न्यायला हवा. पाचकरस बनवणाऱ्या पेशी झिजून जाण्याचा विकार या जातीत विशेष आढळतो. उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या एका तपासणीत तो कळतो. मग प्रत्येक जेवणात पाचक एन्झाइमची पूड मिसळावी लागते, बऱ्याचदा बी-12 ची इंजेक्शनंही लागतात, आणि बहुतेक कुत्र्यांचं वजन काही आठवड्यांत पुन्हा भरू लागतं. ती पूड मात्र आयुष्यभर द्यावी लागते.