समजा, असं झालं तर?

‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणत आपण जर-तरचे प्रश्न उडवून लावतो. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या पंचाला ती मुभा नाही. सामन्याआधी दोन्ही संघांचे प्रतिनिधी होम प्लेटपाशी जमतात, खेळाडूंच्या याद्या देतात, मैदानाचे नियम समजून घेतात. तिथे ‘समजा’ने सुरू होणारे प्रश्न येतातच.

‘फटकावलेला चेंडू कुंपणात अडकला तर?’ उत्तर सरळ आहे : दोन बेस. ‘धावणारा फेकीच्या आड आला तर बाद द्याल?’ इथे जाणता पंच उत्तराचे दोन भाग करतो. ‘मुद्दाम आला तर बाद. मुद्दाम आला का, ते तेव्हा पाहून ठरवेन.’ पहिला भाग नियमाचा. तो सांगायलाच हवा. दुसरा निवाड्याचा. पळणाऱ्याची नजर कुठे होती, हात कसा हलला, हे पाहण्याआधीच शब्द देणं म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा निकाल लावणं.

पण म्हणून जर-तर फालतू ठरत नाही. जून २००८ मध्ये दोन्ही हातांनी चेंडू टाकणारा पिचर पॅट व्हेंडेटी आणि दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज समोरासमोर आले. हा हात बदलायचा, तो बाजू; खेळ पुढेच सरकेना. आता पिचरने आधी हात दाखवायचा, असा नियमच आहे. जिथे नियम गप्प असतो, तिथे निर्णयाचा अधिकार नियमावलीनेच पंचाला दिला आहे.

खरा कसलेला पंच तर असे प्रश्न स्वतःलाच विचारून ठेवतो. २४ जुलै १९८३ रोजी कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटचा होम रन पंचांनी रद्द केला. बॅटवर चिकट पाइन टार १८ इंचांच्या मर्यादेपलीकडे लागलं होतं. दाद मागितल्यावर लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तो ग्राह्य धरला आणि उरलेला खेळ १८ ऑगस्टला ठेवला. त्या दिवशी पंच नवे होते. प्रतिस्पर्धी यांकीज संघाचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी नेमकं तेच हेरलं : ब्रेटने सगळ्या बेसना पाय लावला होता, हे या पंचांनी कुठे पाहिलं?

पंचप्रमुख डेव्ह फिलिप्स यांनी शांतपणे एक कागद काढला. जुलैतल्या पंचांचं सहीनिशी प्रतिज्ञापत्र : बेसना पाय लागले होते. प्रश्न मैदानात येण्याआधीच कुणीतरी ‘समजा’ म्हणून पाहिलं होतं.