नव्या गावात वाडी, कोठा आणि खळं



मागं आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. रस्ते सिमेंटचे, घरं एका ओळीत, दारात नळ. पण बैठक कुठं घ्यायची, हा प्रश्न पडला. शेवटी रस्त्यावरच सतरंजी टाकली. तिथं एक मावशी बोलल्या, "घर पक्कं भेटलं जी, पण बकरी बांधाले जागा नाही." आज आपण याच गोष्टीवर बोलणार आहोत.

आपल्या जिल्ह्यात गाव उठणं नवीन नाही. वर्धा नदीवर धनोडीजवळ निम्न वर्धा धरण झालं, तेव्हा आर्वी तालुक्यातली गावं उठली. बोरच्या जंगलातून नवरगाव बाहेर आलं. गाव उठलं की बोलणी होतात ती पैशाची, जमिनीची आणि घराच्या खोल्यांची. घराभोवतालच्या जागेबद्दल फार कमी बोललं जातं, आणि बाईचं निम्मं काम तर त्याच जागेत असतं.

जरा आठवून पाहा. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरात पडून असतो. तूर आणि सोयाबीन वाळवायला जागा लागते. कुटार मागं रचलेलं, पऱ्हाट्या-तुराट्या कुंपणाला आणि चुलीला. वाडीत वालाचा वेल, दोन वांगी, कढीपत्ता. म्हणजे आपली अर्धी शेती घरात आणि घरामागं होते. सरकारी घरकुलाचं किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे जवळपास २७० चौरस फूट. तेवढ्यात कापूस ठेवला तर माणसं झोपतील कुठं? कापसावर झोपून अंगाला खाज सुटते, हे आपल्याला सांगायला नको. आणि वाडी गेली की भाजी विकत घ्यावी लागते. जनावर विकलं की दूध जातं, शेणखतही जातं.

हा विचार आपल्याच जिल्ह्यात फार आधी झालेला आहे. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. गाव कसं असावं, हे त्यांनी पुढच्याच वर्षी लिहिलं. पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाची, हवेशीर घरं. भाजी लावता येईल आणि गुरं बांधता येतील असं अंगण. सगळ्यांसाठी बैठकीची जागा आणि गुरांना चराई. बापू कुटी पाहायला जाल तेव्हा जाड मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर आणि पुढची पडवी नीट बघा. आपल्या मे महिन्यात टिनाखाली आणि कवेलूखाली किती फरक पडतो, ते तिथं बसूनच कळतं.

मग नवं गाव आखताना काय मागायचं? आम्हाला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, प्लॉटची आखणी. घर पुढच्या बाजूला सरकवून बांधलं तर मागं सलग जागा उरते. तिथं कोठा, खताचा खड्डा आणि वाडी बसते. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी उताराने वाडीत जाईल असं बघा. केळी, पपई, अळू त्यावर येतात. पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडेल असं झाड लावा.

दुसरी, मागची गल्ली. घरांच्या दोन ओळींमध्ये बैलबंडी जाईल एवढी वाट ठेवली तर शेण, कुटार, खत मागूनच जातं-येतं आणि पुढचं अंगण स्वच्छ राहतं. ही वाट पुढं शेताच्या पांदण रस्त्याला मिळाली पाहिजे.

तिसरी, सामाईक जागा. प्रत्येकीला वेगळं खळं आणि वेगळं गोदाम मिळणार नाही, पण आठ-दहा घरांत मिळून एक खळं आणि एक कापसाची खोली होऊ शकते. गोबर गॅसचंही तसंच. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. एका घरी दोनच गाई असतील तर दोन शेजारणी मिळून चालवू शकतात.

चौथी, चराई आणि पाणी. आर्वी, आष्टी, कारंजा हा आपल्या गवळाऊ गाईचा मुलूख. चरायला जागा नसेल तर ती गाय नव्या गावात टिकणार नाही. गावाजवळ ई-क्लास जमीन किती आहे, हे आधीच विचारा.

आता कायद्याचं. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याखाली पुनर्वसन होतं तिथं नव्या गावात काय काय असावं, याची यादी कायद्यातच आहे. तिच्यात चराईची जमीन, बियाणं-खताचं गोदाम, जनावरांचा दवाखाना, दर १०० कुटुंबांमागं समाजमंदिर आणि दर ५० कुटुंबांमागं झाडाखालचा पार, हे सगळं आहे. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला या कायद्यात वेगळं कुटुंब धरलं आहे. घर किंवा जमीन नवरा-बायको दोघांच्या नावाने देता येते. शंभर एकर किंवा त्याहून जास्त जमीन जात असेल तर पुनर्वसन समितीत तिथल्या बायांची एक प्रतिनिधी असते. ती कोण आहे, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

हे सगळं बोलायचं ते जमिनीवर चुन्याच्या रेषा पडण्याआधी. एकदा प्लॉट पडले की घर सरकत नाही. म्हणून गटाच्या बैठकीत रांगोळीने अंगणातच नवं गाव काढा. आपलं घर, कोठा, विहीर, शाळा, शेताची वाट, सगळं मांडा. वयस्कर बायांना आधी बोलू द्या, कारण जुन्या गावात कोणती जागा कशाला लागायची हे त्यांना ठाऊक असतं. मग ते कागदावर उतरवून ग्रामसभेत द्या, ठरावात लिहून घ्या आणि पोच घ्या.

ज्यांचं गाव आधीच उठलं, त्यांनी काय करावं? ले-आउटमधली खुली जागा कुठं आहे ते ग्रामपंचायतीत बघा. तिथं खळं किंवा गटाची भाजीची वाडी करू द्यावी, असा ठराव मांडा. रोजगार हमीतून गोठ्याचं काम मिळतं का, ते ग्रामसेवकाला विचारा.

त्या मावशींच्या गटाने बैठक संपताना हेच ठरवलं. रस्त्याच्या कडेला मोकळी पडलेली एक जागा त्यांनी आम्हाला दाखवली आणि तिथंच उभ्या राहून पावलांनी मोजली. तुमच्या गावातही अशी एखादी जागा असेल. पुढच्या बैठकीला ती मोजून या.