लढाईचे चित्र आणि हक्काचा पुरावा

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. लढाईचे चित्र समोर आले की विद्यार्थ्यांना विचारतो, हे कुणी काढवून घेतले आणि कशासाठी? मी घरातला पहिला पदवीधर. ज्यांच्या कष्टाची कुठे नोंद नाही अशा घरातून आल्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. जपानच्या मध्ययुगीन युद्धांच्या चित्रगुंडाळ्या त्याचे स्पष्ट उत्तर देतात.

या गुंडाळीला तिकडे 'एमाकी' म्हणतात. कागदाचे ताव चिकटवून केलेली ही लांब पट्टी उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत आणि पाहिलेला भाग गुंडाळत वाचायची. थोडा मजकूर, मग चित्र. त्यामुळे लढाई पाहणाऱ्याच्या हाताखाली घडत जाते.

इ. स. ११५९ मध्ये क्योतोच्या सान्जो राजवाड्यावर रात्री हल्ला झाला. निवृत्त सम्राट गो-शिराकावाला पकडून नेले, राजवाडा जाळला. सुमारे शंभर वर्षांनी रंगवलेली त्या रात्रीची सात मीटर लांबीची गुंडाळी आज अमेरिकेत, बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तीत स्वारांची चिलखते बारकाईने रंगवली आहेत. त्याच चित्रात जीव वाचवण्यासाठी विहिरीत उड्या घेतलेल्या बायका एकमेकींखाली दबून मरताना दिसतात. हल्ला करणाऱ्या सरदारांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. या बायकांची नाहीत.

दुसरी कथा ताकेझाकी सुएनागाची. हा क्यूशू बेटावरचा लहानसा योद्धा. १२७४ मध्ये मंगोल फौजा हाकाताच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा तो मोजक्या स्वारांनिशी लढला. पण त्याची नोंद वर पोचली नाही, बक्षीसही मिळाले नाही. १२७५ मध्ये घोडा-खोगीर विकून तो सत्तेचे ठाणे असलेल्या कामाकुराला गेला आणि आदाची यासुमोरी या अधिकाऱ्यापुढे आपला दावा नेटाने मांडला. त्याला जमिनीच्या कारभाराचा हुद्दा आणि एक घोडा मिळाला. १२८१ मध्ये तो पुन्हा लढला. शिरस्त्राण नव्हते म्हणून नडगीची कवचे डोक्याला बांधून! १२९३ च्या सुमारास त्याने हे सारे रंगवून घेतले : रक्तबंबाळ घोडा, डोक्यावर फुटणारा बाँब, आणि अधिकाऱ्यापुढची ती सुनावणीसुद्धा. ही शोभेची कला नव्हे, हा पुरावा आहे. २०२१ मध्ये जपानने त्याला 'राष्ट्रीय ठेवा' ठरवले.

पण सुएनागाने स्वतःपुरता पुरावा ठेवला. चिलखताला, घोड्याच्या साजाला कातडे लागे. ते कमावणारे या चित्रात नाहीत. त्या धंद्यातल्या लोकांना जपानी समाजाने पुढे विटाळाचे मानून गावाबाहेर ठेवले. १८७१ मध्ये तो दर्जा कायद्याने रद्द झाला. भेद गेला नाही. म्हणून १९२२ मध्ये त्यांच्या वारसांनी क्योतोत 'सुइहेइशा' ही संघटना उभी केली.

सुएनागाला मोबदला हवा होता. त्याला एक अधिकारी पटवणे पुरले. यांना माणूस म्हणून जगण्याचा हक्क हवा होता. त्यासाठी सगळ्यांनी एकत्र उभे राहणे भाग होते.